जर्मन की अमेरिकन? जुन्या काचेच्या गोट्या घेण्याआधी दोन्ही टोकं बघा

पहिली खरेदी करताना बहुतेकांना हाच पेच पडतो: तेवढ्याच पैशांत एक जर्मन हातघडणीची गोटी घ्यायची, की आठ-दहा अमेरिकन यंत्रावरच्या? दोन्हीकडे अस्सल माल भरपूर आहे आणि फसवणूकही आहे, पण फसवणुकीची जात वेगळी. जर्मन मालात बहुधा गोटी खरी असते, तिची अवस्था खोटी असते. म्हणजे घासून, पॉलिश मारून ताजीतवानी केलेली. अमेरिकन मालात स्वस्त गोटी जवळजवळ नेहमी खरी निघते, कारण तिची नक्कल करून कुणाचंच पोट भरत नाही. नकला येतात त्या महागड्या नावांच्या.

दोन्हीकडे एक नियम सारखा: रंगावर जाऊ नका. रंग आजही कुणालाही जमतात. काच कशी कापली ते दोन टोकांवर दिसतं आणि ओळख तिथूनच सुरू होते.

लाउशाची कांडी

जर्मनीच्या थुरिंगिया भागातलं लाउशा हे काचकारांचं गाव. १८४०च्या दशकाच्या अखेरीस तिथे गोट्यांसाठी खास कात्री तयार झाली. तिच्या एका बाजूला छोटी वाटी, दुसऱ्या बाजूला पातं. कारागीर रंगीत सळ्यांचा गाभा करून त्यावर पारदर्शक काच चढवी, वर आणखी रंगीत रेघा बसवी, मग कांडी ओढून पिळी. कांडीचं मऊ टोक वाटीत फिरवून गोल केलं की पात्याने तोडायचं. पहिल्या महायुद्धाने हा धंदा मोडला.

कांडीतून निघालेल्या गोटीला म्हणून दोन खुणा असतात, समोरासमोर. पॉन्टिल म्हणतात तो हाच भाग. तो खरखरीत, दुमडलेला किंवा चिमटा काढल्यासारखा दिसतो. काही गोट्यांवर तो मुळातच घासून छोट्या पैलूंसारखा केलेला असतो. रंगीत रेघा एका पॉन्टिलपाशी सुरू होऊन पीळ घेत दुसऱ्यापाशी संपतात. कांडीच्या सुरुवातीची किंवा शेवटची गोटी असेल तर एका बाजूला रेघा आधीच थांबतात. तो दोष मानत नाहीत, उलट काही संग्राहक मुद्दाम अशीच शोधतात.

प्रकार पुष्कळ आहेत. सर्वांत जास्त मिळते ती जाळीदार गाभ्याची, लॅटिसिनिओ. पांढरी जाळी नेहमीची, पिवळी त्याखालोखाल. हिरवी आणि नारिंगी कमी, लाल आणि निळी जाळी खरोखर दुर्मीळ. भरीव गाभा, फाकलेला गाभा, पट्टीचा गाभा हेही आवाक्यातले. ओनियनस्किनमध्ये रंगाचे ठिपके ताणून सालीसारखा थर केलेला असतो. लुट्झमध्ये तांब्याची चमक असलेल्या काचेची पूड पट्ट्यांत पसरलेली असते. हे नाव निकोलस लुट्झ या काचकारावरून पडलं, पण त्याने गोट्या केल्याचा पुरावा नाही. म्हणून ‘लुट्झने स्वतः बनवलेली’ असं कुणी सांगू लागलं की पाकीट खिशात ठेवावं.

सल्फाइड वेगळी जमात. पारदर्शक काचेत मातीची छोटी आकृती, बहुतेकदा प्राणी. ती एकेक करून बनायची, म्हणून पॉन्टिल एकच. आकृतीभोवती हवेचा पातळ थर अडकतो आणि ती चंदेरी दिसते. जुन्या सल्फाइडमध्ये आकृती जरा कललेली, काचेत बारीक बुडबुडे आणि कचरा. आकृती ठार पांढरी, अगदी मधोमध आणि काच पाण्यासारखी स्वच्छ असेल तर संशय घ्यावा. मोठा आकार आणि खेळातला मार यामुळे चांगल्या अवस्थेतल्या कमीच उरल्या आहेत. पॉलिश केलेल्या मात्र पुष्कळ. पहिली खरेदी सल्फाइडची नको, हे माझं ठाम मत.

यंत्राच्या खुणा

अमेरिकेत ओहायोतल्या अॅक्रन शहरात मार्टिन ख्रिस्तेन्सेन यांना १९०५ मध्ये गोळे घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्यांच्या एम. एफ. ख्रिस्तेन्सेन अँड सन कारखान्यात काच अजून माणूसच सळईवर घेई आणि कात्रीने तोडी. गोल करण्याचं काम फक्त यंत्राचं. म्हणून त्यांच्या स्लॅग गोट्यांवर (रंगीत काचेत पांढरी काच पिळून मिसळलेल्या) एका टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी घडी आणि दुसऱ्या टोकाला शेपटी किंवा कापल्याची रेघ दिसते. काचेला पडलेला हा पीळ रंगांच्या नकलेतून सहज येत नाही.

नंतर भट्टीतून काचेची धार थेट पात्याखाली आणि तिथून खाचा असलेल्या फिरत्या रुळांवर पडू लागली. अॅक्रो अॅगेट कंपनी अॅक्रनमध्ये सुरू झाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. तिची ओळख म्हणजे कॉर्कस्क्रू. त्यात धार कापण्याआधीच पिळलेली असते, त्यामुळे रंगाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता फिरत जाते. दोन पट्ट्या असतील तर त्या एकमेकींना छेदत नाहीत. विक्रेत्याने ‘कॉर्कस्क्रू’ लिहिलंय आणि पट्टी मध्येच विरते किंवा दुसरीत मिसळते, तर ती साधी स्वर्ल आहे, म्हणजे रंग नुसते वळसे घेत मिसळलेली. हा फरक फोटोतसुद्धा कळतो, म्हणून नवशिक्याला कॉर्कस्क्रू सोयीची.

इलिनॉयमधल्या ओटावा गावची पेल्टियर कंपनी अपारदर्शक गोटीवर रंगीत रिबिनी चढवी, आणि त्या दोन शिवणींपाशी, म्हणजे काच कापल्याच्या खुणांपाशी, जुळत. संग्राहकांनी रंगजोडीप्रमाणे टोपणनावं ठेवली: निळ्यावर लाल-पिवळी ती सुपरमॅन, पांढऱ्यावर लाल-निळी ती लिबर्टी. ही नावं किमतीत मोठा फरक पाडतात, आणि एखादी रिबीन कमी असली तरी विक्रेते मोठं नाव चिकटवून मोकळे होतात. नावाआधी रंग मोजा.

ख्रिस्तेन्सेन अॅगेट ही तिसरी. नाव सारखं असलं तरी वरच्या मार्टिन ख्रिस्तेन्सेनशी तिचा संबंध नाही. १९२५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच संपली. माल थोडा आणि रंग भडक, म्हणून भाव चढे. तिच्या ठिपकेदार ‘गिनी’ गोट्यांच्या नकला आज कुशल काचकार करतात. फोटोवरून अशी गोटी घेऊ नये.

दोन्ही गटांत न बसणारी कॅट्स-आय, म्हणजे पारदर्शक काचेत रंगीत पाकळ्या असलेली गोटी, सगळ्यांच्या घरात असते. ती १९५०च्या दशकात जपानमधून पसरली, त्यामुळे ‘शंभर वर्षं जुनी कॅट्स-आय’ नसते. आपल्याकडच्या जुन्या बाजारात आणखी एक गोटी भेटते: गोटी सोड्याच्या बाटलीतली, फिकट हिरवट, साधी, बिनरेघांची. हिरम कॉड यांची ही बाटली १८७०च्या दशकातली, त्यामुळे आतली गोटी खरोखर जुनी असू शकते. पण ती खेळण्यातली नाही आणि तिला संग्राहकाचा भाव मिळत नाही.

हातात आल्यावर

ताटलीत टॉवेल पसरून कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. गरम पाणी नको; आत आधीच तडा असेल तर तो वाढतो. पुसून कोरडी केली की ट्यूबलाइटखाली धरून गोटी हळूहळू फिरवा. काचेवर पडलेलं नळीचं प्रतिबिंब सरळ सरकत राहिलं पाहिजे; जिथे ते मोडतं तिथे टवका किंवा खड्डा. मग बाजूने टॉर्च मारा. मार बसलेली जागा आत पांढऱ्या चंद्रकोरीसारखी चमकते. थंड होताना पडलेली भेग गुळगुळीत कडांची असते आणि पृष्ठभागापर्यंत येईलच असं नाही.

नंतर कॅलिपरने तीन दिशांनी माप. हातघडणीच्या गोटीत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक सहज असतो, यंत्रावरचीत फार कमी. म्हणून हातघडणीची म्हणून विकलेली गोटी तिन्ही दिशांना तंतोतंत एकसारखी निघाली आणि पॉन्टिल गायब असला, तर ती यंत्रात पुन्हा घासलेली आहे असं समजा. वजन फारसं बोलत नाही, कारण जुनी आणि नवी सोडा काच सारख्याच घनतेची. १६ मिमीची गोटी सव्वापाच-साडेपाच ग्रॅम भरते. त्याच मापाची अडीच ग्रॅमच्या आसपास असेल तर ती प्लास्टिक.

पॉलिश ओळखायला दहापट भिंग लागतं. पृष्ठभागावर फुटलेला बुडबुडा शोधा. मुळातला असेल तर त्याच्या कडा वितळून गोलसर झालेल्या असतात. घासताना उघडा पडलेला असेल तर कडा धारदार असतात, आणि कधीकधी त्यात पॉलिशची फिकट गुलाबी पावडर अडकलेली सापडते. जर्मन स्वर्लमध्ये, म्हणजे कांडीच्या पिळाच्या गोटीत, बाहेरच्या रेघा मध्येच पातळ होऊन तुटलेल्या दिसतात, कारण त्यांचा वरचा भाग घासला गेला. अमेरिकन गोटीत शिवणीपाशी असलेली घडी सपाट होते. हलकं बफिंग केलं असेल तर पॉन्टिल शाबूत राहतो आणि फक्त चकाकी जरा जास्तच एकसारखी वाटते. हे पकडणं सर्वांत अवघड.

जर्मन गोटीच्या नव्या नकलाही आहेत. हाताने गोट्या करणारे आजचे बरेच काचकार तळाशी सही कोरतात, आणि ती पुसून गोटी जुनी म्हणून विकता येते. एक टोक नैसर्गिक आणि दुसऱ्यावर छोटा घासलेला सपाट डाग असेल तर सही गेली का, हा प्रश्न विचारावा. लुट्झच्या पट्ट्यांना जुन्या गोटीत सहसा दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा असतात आणि तांब्याचा कण बारीक असतो; नव्यांत मोठे मोठे तुकडे चमकतात.

अतिनील टॉर्चचा गाजावाजा जरा जास्त होतो. युरेनियमची काच त्याखाली हिरवी उजळते, पण तशी काच आजही बनते, म्हणजे वयाचा पुरावा काही नाही. टॉर्च उपयोगी पडते ती दोन कामांना: टवक्यात भरलेला राळीचा थर काचेपेक्षा वेगळा चमकतो, आणि मूळ म्हणून विकलेला पुठ्ठ्याचा डबा. कागदाला शुभ्र करणारी रसायनं १९५०च्या आसपास रुळली. १९३० मधला अॅक्रोचा डबा निळसर पांढरा झळकला तर तो छापून घेतलेला आहे.

पेल्टियरच्या चित्र-गोट्या बारा व्यंगचित्र पात्रांच्या आहेत. चित्र कॅट्स-आयवर असेल किंवा पात्र त्या बारांतलं नसेल, तर पुढे बघायची गरज नाही.

मग घ्यायचं काय

अवस्था शंभर टक्के हातात तपासता येणार असेल, विक्रेता परत घेणार असेल, तर १६ ते १९ मिमीची पांढऱ्या जाळीची लॅटिसिनिओ घ्या. तिच्यात पॉन्टिल, पीळ, गाभा, बाहेरच्या रेघा हे सगळं एकत्र वाचायला मिळतं आणि किंमत झेपते. आकार वाढला की भाव झपाट्याने चढतो. एक इंच, म्हणजे २५ मिमीच्या वरची पहिल्याच वर्षी नको.

फोटोवरून आणि कुरिअरने घेणार असाल, म्हणजे भारतातून घेणारे बहुतेक, तर आधी अॅक्रोच्या दोन रंगांच्या साध्या कॉर्कस्क्रू, सात-आठ. त्यांत चूक झाली तरी खिशाला झळ बसत नाही, आणि टोकं वाचायची सवय लागते. अमेरिकेत राहणारे नातलग असतील तर त्यांना तिथल्या घरगुती विक्रीतून मिसळ डबा घ्यायला सांगा. त्यात बहुतेक कॅट्स-आय निघतील, पण वर्गवारी शिकायला त्याहून चांगलं साधन नाही.

दोन्ही बाबतींत विक्रेत्याकडून हे मागून घ्या: दोन्ही टोकांचे वेगळे फोटो, एक बाजूचा, एक उजेडासमोर धरलेला, कॅलिपर लावलेला एक, आणि गोटी फिरवतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. दहापैकी गुण लिहिलेले असतील तर ९ किंवा त्यावर मिंट (नव्यासारखी), ८ ते ८.९ निअर मिंट (जवळजवळ नव्यासारखी). पण गुण विक्रेत्यानेच दिलेले असतात, म्हणून ‘पॉलिश किंवा बफ केलेली नाही’ हे वाक्य लेखी घ्या. टोकांचे फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर ती गोटी सोडून द्या. पांढऱ्या जाळीच्या गोट्या पुढच्या आठवड्यातही विकायला असतील.