ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून घेतलेला तांब्याचा अस्थिकलश: आमचा अनुभव

आधी ऑनलाइन मागवलेल्या पितळी कलशाचं सांगते कारण त्यात तेवीसशे रुपये गेले. बाबा जानेवारीत गेले, जवाहर बाग स्मशानात लाकडांवर केलं सगळं, भाऊ न्यू जर्सीला, त्याला यायला सात-आठ दिवस लागणार होते म्हणून असं ठरलं की तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून ठेवायच्या आणि दहाव्याला नाशिकला रामकुंडावर विसर्जन आणि दशक्रिया एकदमच करायची. मग आठवडाभर ठेवायच्या कशात? चुलतभावाने रात्रीच मोबाइलवर शोधून एक ‘अर्न’ मागवला. दिसायला एकदम देखणा, वर कबुतरं कोरलेली (बाबांचं आणि कबुतरांचं किती सख्य होतं ते आमच्या बिल्डिंगला विचारा), दुसऱ्या दिवशी घरपोच. आणि तोंड एवढंसं की दोन बोटं कशीबशी जातील.

नंतर भावाने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं गडबड कुठे झाली ते. तिकडे दहनानंतर हाडं मशीनमध्ये दळून पूड करतात आणि ती सगळी पूड भरतात, म्हणून त्यांचा हिशोब माणसाच्या वजनाच्या दर पौंडाला एक घन इंच, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 200 घन इंच, सव्वातीन लिटरच्या आसपास. पूड काय, नरसाळ्यानेही ओतता येते. आपल्याकडे राख वेगळी आणि वेचलेल्या अस्थी वेगळ्या, त्या तुकडे तुकडेच राहतात, जागा कमी लागते पण तोंड रुंद हवं. म्हणजे जे घेतलं ते आपल्या कामाच्या बरोबर उलटं. आणि ते ऑनलाइनवाले रिटर्नही घेईनात.

मग मी आणि मामा सकाळी जांभळी नाक्यावर. कौपिनेश्वराच्या बाजूच्या बाजारातलं एक जुनं भांड्यांचं दुकान, पाटी पण धड दिसत नाही. पुढे लग्नाचे समया-घंगाळं मांडलेले, मामाला तिथे उभं राहून ‘अस्थी’ म्हणवेना, तो नुसताच ‘कलश हवा होता, झाकणाचा’ म्हणाला. दुकानदार काका समजले. आतून तीन कलश काढले आणि पहिला प्रश्न, ‘विसर्जन कधी?’ तिसऱ्याच दिवशी करणार असाल तर मडकंच न्या, तांब्याला पैसे कशाला घालता, असं स्वतःच सांगितलं. दहावा म्हटल्यावर दुसरा प्रश्न, ‘अश्मा पण यातच ठेवणार का?’ हे आमच्या डोक्यातच नव्हतं! अश्मा म्हणजे अंत्यविधीतला तो दगड, दहाव्यापर्यंत सांभाळायचा असतो, मग त्या हिशोबाने एक साइझ मोठा दिला. दीड लिटरचा असेल, अख्खा हात आत जातो, आट्यांचं झाकण आणि वर कडी. वजनावर साडेआठशे झाले. भाव केला नाही, या वस्तूचा करतही नाहीत, पण नंतर दुसरीकडे विचारलं तर रेट तोच होता.

कडीचं महत्त्व घरी आल्यावर कळलं. अस्थी घरात घेत नाहीत, गावाला झाडाला टांगतात, आमच्या सोसायटीत झाड म्हणजे पार्किंगमधला एक अशोक आणि त्याला टांगलं असतं तर सेक्रेटरींनी मीटिंगच बोलावली असती. शेवटी गॅलरीच्या ग्रिलला बाहेरून टांगला, लाल कापड बांधून. आई रोज संध्याकाळी तिकडे तोंड करून बसायची, आम्ही कोणी काही बोललो नाही.

काकांनी अजून एक सांगितलेलं, सावडताना दूध-पाणी शिंपडतात त्यामुळे अस्थी ओल्या असतात, तशाच भरून झाकण आवळलं तर तांबं हिरवं पडतं, आधी कापडावर जरा सुकू द्या आणि सुती पिशवीत घालून मग ठेवा. तसंच केलं. नाशिकला उघडला तेव्हा गळ्याशी थोडी हिरवट रेघ होती, बाकी स्वच्छ. गळला वगैरे अजिबात नाही, कसारा घाटात गाडी बऱ्यापैकी आपटली तरी. विसर्जन झाल्यावर कलश परत नाही आणला, गुरुजींना दिला.

भावाला थोड्या अस्थी तिकडे न्यायच्या होत्या. त्यासाठी तांब्या-पितळेचं काही घेऊ नका, अमेरिकेच्या एअरपोर्टवर एक्स-रेमध्ये धातूच्या आतलं दिसत नाही आणि डबी आपण सांगितलं तरी ते लोक उघडत नाहीत, मग तशीच पुढे जाऊ देत नाहीत. लाकडी चालते. आईने तिचा सावंतवाडीचा कुंकवाचा करंडा रिकामा करून दिला. सोबत मृत्यूचा दाखला आणि स्मशानातली पावती ठेवली होती.

दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बिलाचा, कच्ची चिठ्ठी देतात, पक्कं मागितलं तर ‘उद्या’. दुपारी दीड ते साडेचार बंद असतं, आणि गाडी नेऊच नका, रिक्षाने जा. निघताना मामा सवयीने ‘येतो’ म्हणणार होता, तोंडातच अडकलं त्याच्या. काकाही ‘या’ म्हणाले नाहीत, कलश पेपरात गुंडाळून हातात दिला आणि मान हलवली फक्त.

तो पितळी अर्न अजून बिल्डिंगच्या जिन्याखाली आहे, कोरा. आई घरातही येऊ देत नाही आणि टाकूही देत नाही.