नेमप्लेटवर दहा एमएम, सिलिंडरमध्ये सहा

जुनं हायड्रॉलिक शिअरिंग मशीन, म्हणजे तेलाच्या दाबावर पत्रा कापणारं मशीन, बघायला जाल तेव्हा नेमप्लेट वाचत बसू नका. तो चार रिव्हेटवर बसवलेला तुकडा, ड्रिल असेल तर चहा येईपर्यंत बदलून होतो. आमच्या मशीनवर ‘१० एमएम x २५०० एमएम’ असं ठसठशीत कोरलेलं होतं, म्हणजे दहा एमएम जाड आणि अडीच मीटर लांब पत्रा कापणारं, वर ताजा हिरवा रंग. निघालं ते सहा एमएमचं. पण खरा खेळ विकताना झालाच नाही, तो मशीन गाळ्यात बसवताना झाला, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे लिहितोय.

भांडुपला आमचा गाळा आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. ग्रिल-शटरपासून सुरुवात करून एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) कामावर आलो, आणि मेट्रोची कामं वाढली तशी आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटच्या लायनरची, म्हणजे आतून लावायच्या अस्तराच्या पत्र्यांची ऑर्डर मिळायला लागली. खडी घासून साधा पत्रा काही दिवसांत चाळणी होतो, म्हणून च्यूटला, म्हणजे खडी घसरत येते त्या पन्हाळीला, आतून ४०० बीएचएन कडकपणाची, झीज सोसणारी वेअर प्लेट लावतात. साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची), म्हणजे आयएस २०६२ च्या ई २५० ग्रेडची टेन्साइल, म्हणजे ताण सोसायची ताकद, किमान ४१० मेगापास्कल धरतात. या प्लेटची १२०० च्या आसपास असते, जवळपास तिप्पट. त्यामुळे ५ एमएमची वेअर प्लेट कापायची तर एमएसचा दहा एमएम पत्रा कापणारं मशीन लागतं. दारूखान्याच्या लोखंड बाजारातून प्लेट उचलायची, बाहेर कटिंगला टाकायची, परत आणायची, यात टेम्पोवालाच जास्त कमवत होता. नवं मशीन परवडत नव्हतं. ओळखीच्या दलालाने भिवंडीकडच्या एका गोदामाचा पत्ता दिला. सौदा साडेसात लाखांचा ठरला.

डेमो त्यांनी झकास दिला. दहा एमएमची एमएस प्लेट ब्लेडखाली सरकवली, पाय दाबला, खट्कन तुकडा पडला. कडा स्वच्छ. “शेठ, अजून काय पाहिजे?” त्या प्लेटची रुंदी मात्र जेमतेम तीन इंच होती, आणि इथेच मेख आहे. शिअरिंगचं वरचं ब्लेड तिरकं बसवलेलं असतं, त्या तिरकेपणाला रेक म्हणतात. त्यामुळे ब्लेड एकाच वेळी सगळी लांबी कापत नाही, एका टोकाकडून दुसरीकडे कापत जातं. रेक जितका जास्त, तितका एका क्षणी कापला जाणारा भाग लहान आणि लागणारा जोर कमी. अडीच मीटरची अख्खी प्लेट लावली असती तर मशीन उघडं पडलं असतं. तीन इंचाच्या पट्टीला तेवढा जोर लागतच नाही, आणि इतक्या लहान तुकड्यात पिळ पडलेलाही दिसत नाही. रेक त्यांनी आधीच चढवून ठेवला होता. बघणाऱ्याला कौतुक वाटतं, बस्स.

ऐंशी टक्के पैसे लोडिंगच्या आधी दिले. उरलेल्या दीड लाखाचा पुढच्या तारखेचा चेक त्यांनी मागून घेतला, “इन्स्टॉलेशन झाल्यावरच टाकू, विश्वास ठेवा.” हायड्रा क्रेनने मशीन उतरवलं, मागोमाग त्यांचा मिस्त्री आला. लेव्हल लावून, बोल्ट आवळून, मोटरची दिशा तपासून त्याने ब्लेड मोकळंच दोनदा वरखाली केलं. मी बँकेत, भाऊ साइटवर. गाळ्यात आमचा एक हेल्पर होता, गावाहून नुकताच आलेला पोरगा. मिस्त्रीने त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली. वर छापलं होतं: ‘मशीन बसवून चालू करून दिले, काम समाधानकारक.’ तोपर्यंत त्या मशीनने आमच्या गाळ्यात एक पत्राही कापला नव्हता.

वेअर प्लेटची पहिली पट्टी कापली, ती पिळलेल्या टॉवेलसारखी बाहेर आली. मिस्त्रीला बोलावलं. त्याने रेक कमी केला. आता पिळ गेला, पण ब्लेड अर्ध्यावर जाऊन थांबायला लागलं. रेक चढवला की पट्टी पिळते, उतरवला की ब्लेड अडकतं. सहा एमएमच्या मशीनला दहाचं काम सांगितलं की नेमकं हेच होतं. पण हे सरळ सांगेल तो मिस्त्री कसला! त्याच्याकडे दरवेळी नवं कारण तयार असायचं.

आधी फाउंडेशन. “जमीन बसलीय, शेठ.” जमीन वाकडी असेल तर ब्लेडमधली गॅप एका बाजूला जास्त होते, कापलेल्या कडेला बर, म्हणजे खरबरीत धार, येतो, हे खरं. पण लेव्हल चुकल्याने मशीनचा जोर कमी होत नाही. मग व्होल्टेज. व्होल्टेज पडलं तर मोटर तापते आणि ओव्हरलोड रिले पडून ती बंद होते, आमचा रिले एकदाही पडला नव्हता. मग तेल चुकीचं, म्हणून ६८ नंबरचं नवं बॅरल आणलं, २१० लिटरचं, आमच्या पैशाने. मग ब्लेड. ब्लेड खरंच खराब होती. त्यांनी दिलेली एचसीएचसीआर पोलादाची (जास्त कार्बन, जास्त क्रोमियम) होती, पातळ पत्र्याला उत्तम, पण जाड आणि कडक प्लेटवर धारेचे टवके उडतात. गॅप साधारण जाडीच्या पाच ते दहा टक्के ठेवावी लागते, म्हणजे ५ एमएमला पाव ते अर्धा एमएम, आणि मशीनच्या मध्यावर ती त्याहून कितीतरी जास्त भरत होती. “नवी ब्लेड घ्या, सगळं सुरळीत होईल.” नव्या ब्लेडचे पैसे वेगळे.

प्रत्येक कारणात तथ्याचा एक कण होता, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी थांबलो, आणि दरम्यान चेकची तारीख उजाडली. पेमेंट थांबवायला निघालो तर दलालाचा फोन: चेक परत आला तर कलम १३८ ची केस टाकतील. पेमेंट स्वतःहून थांबवलं तरी ती केस लागू शकते, हे आमच्या सीएनेही सांगितलं. चेक वटला. त्यानंतर मिस्त्री गावाला गेला तो गेलाच.

जाता जाता त्याने एक काम करून ठेवलं होतं. ब्लेड अडकू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाचं प्रेशर मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह, आवळून प्रेशर वाढवलं होतं. काही दिवसांत सील फाटले, खाली तेलाचं तळं. आम्ही आमचा हायड्रॉलिकवाला बोलावला. त्याने सिलिंडर उघडला, पिस्टनला व्हर्नियर (माप घ्यायची पट्टी) लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “दादा, हे दहाचं म्हणून घेतलंय तुम्ही?”

पिस्टन १०० एमएमचा होता. पुढचा हिशेब कुणालाही करता येतो. १०० एमएम बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २०० बार प्रेशर: एका सिलिंडरचा जोर सुमारे १६ टन, मशीनच्या दोन सिलिंडरचा मिळून ३२. दीड अंशाच्या रेकवर ६ एमएम एमएसला साधारण २३ टन लागतात, तेवढे आहेत. १० एमएमला लागतात ६४ च्या आसपास. जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणून सहावरून दहावर जाताना तो पावणेतीन पट होतो. नेमप्लेट काहीही बोलो, १०० एमएमच्या दोन पिस्टनमधून ६४ टन निघत नाहीत. मशीन घेण्याआधी पिस्टनचं माप आणि चालू प्रेशर या दोन आकड्यांवर हे समजतं. विकणारा पिस्टनचं माप सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथून उठायचं.

मग कागद काढून बसलो. बिलावर ‘वापरलेले मशीन, जसे आहे तसे’ असं लिहिलेलं, आणि एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, ७२०४. शिअरिंग मशीनचा कोड ८४६२ आहे. ७२०४ म्हणजे लोखंडी भंगार! जीएसटी दोन्हींवर १८ टक्केच, त्यामुळे रकमेत फरक पडत नाही आणि कोडच्या रकान्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कागदोपत्री त्यांनी आम्हाला भंगार विकलं होतं.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८, लावायचं तर सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतली असेल तर २०१९ च्या कायद्यात सवलत आहे, पण कामगार ठेवलेत म्हटलं की त्यावरच वाद सुरू होतो. वकिलांनी वेगळा रस्ता धरला. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णन सांगून माल विकला तर माल त्या वर्णनाचा असावा लागतो, आणि दहा एमएमचं वर्णन त्यांच्याच कोटेशनवर आहे. आमच्या विरोधात जातो तो हेल्परच्या सहीचा कागद, कारण कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारल्याचं कळवलं की तो स्वीकारलेला धरतात. वाद तीन लाखांच्या वरचा आणि व्यापारी, म्हणून दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. तो केला आहे. समोरच्याने नोटिशीला उत्तर दिलेलं नाही. मशीनवर सध्या ३ एमएमचा एमएस आणि २ एमएमचा एसएस कापतो, तेवढं ते निमूट कापतं. वेअर प्लेट पूर्वीसारखी बाहेर जाते.

आमच्या समोरच्या गाळेवाल्याला मागच्या महिन्यात असंच जुनं मशीन घ्यायचं होतं. त्याच्या ऑर्डरवर आम्ही ही ओळ घालून दिली: ‘शेवटचे तीस टक्के पैसे चेकने किंवा आगाऊ दिले जाणार नाहीत. खरेदीदाराच्या गाळ्यात, खरेदीदाराच्या पत्र्यावर, नेमप्लेटच्या पूर्ण लांबीचे आणि पूर्ण जाडीचे दहा कट, रिलीफ व्हॉल्व्हच्या ठरलेल्या प्रेशरवर, मालकाच्या समक्ष झाल्यावरच मशीन स्वीकारले असे समजावे. मालकाखेरीज कोणाचीही सही ग्राह्य नाही.’ सोबत बिलावर ८४६२ चा कोड आणि मशीनचा सिरियल नंबर मागितला, आणि विकणाऱ्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून रिटर्न भरलेत का ते पाहिलं. पहिल्या विकणाऱ्याने ती ओळ वाचून ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ म्हटलं. दुसऱ्याने पिस्टनचं माप फोनवरच सांगितलं, आणि कट बघायला स्वतः आला.