साडेनऊ फुटी सिंगल फिन लाँगबोर्ड: बेळगावकरांनी घ्यावा का?

घ्यावा. हा लाटांवर उभं राहून खेळायचा सर्फबोर्ड, तळाला मागे एकच उभं पातं (फिन) असलेला. वळायला जड, उचलायला त्याहून जड, तरीही आपल्याला जवळ पडणाऱ्या किनाऱ्यावर शिकायला यापेक्षा चांगला बोर्ड नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून चोर्ला किंवा आंबोली उतरून जाणाऱ्याला लाटा मिळतात त्या आश्वे, मांद्रे, हरमल पट्ट्यातल्या. पावसाळा सोडला तर गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या, वाळूवर फुटणाऱ्या, मध्येच मवाळ होणाऱ्या लाटा. आखूड बोर्ड अशा लाटेत बसकण मारतो. जड लाँगबोर्ड आपल्या वजनाच्या ओघात तो सपाट तुकडा पार करून पुढच्या उभ्या भागाला जाऊन मिळतो.

परीक्षणाला घेतलेला बोर्ड असा: पॉलियुरेथेन फोम, मधोमध लाकडी स्ट्रिंगर (टोकापासून टोकापर्यंतची पट्टी), वरून ६ औंस फायबरग्लास कापडाचे दोन थर आणि खालून एक. लांबी ९ फूट ६ इंच, रुंदी २३ इंच, जाडी ३ इंच. टोकापासून १२ इंचांवर रुंदी मोजली तर नोज, म्हणजे पुढचं टोक, साडेअठरा इंच आणि टेल, म्हणजे मागचं टोक, १५ इंच. फिनसह वजन आठ किलोच्या वर. घडण १९६० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाची. १९६५ मध्ये सर्फबोर्ड बनवणारे टॉम मोरी यांनी व्हेंचुराला नोजवर किती वेळ उभं राहता येतं याचीच स्पर्धा घेतली होती, तो हा काळ. पुढच्याच वर्षी सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे नॅट यंग पातळ, चपळ बोर्ड घेऊन जिंकले आणि १९६७ पासून बोर्ड आखूड होत गेले. हे सांगायचं कारण, याचा संबंध खरेदीशी आहे. ‘लाँगबोर्ड’ म्हणून विकले जाणारे ९ फुटी, हलके, मधला मोठा आणि बाजूचे दोन छोटे असे तीन फिन असलेले बोर्ड त्या नंतरच्या घराण्यातले. ते झटकन वळतात, पण नोजवर चालायला घडवलेले नसतात. दुकानदाराला लांबी विचारून भागणार नाही, बोर्ड उलटा करून बघायला हवा.

उलटा केल्यावर बहुतेकांची नजर आधी नोजखालच्या खोलगट भागावर जाते. इथे तो टोकापासून साधारण अडीच फुटांपर्यंत आहे, खोली पाव इंचालाही पोहोचत नाही. त्याने थोडी उचल मिळते, पण फक्त थोडी. माणसाला नोजवर उभं ठेवतो तो टेल. टेलचा शेवटचा दीड फूट स्पष्ट वर वळलेला आहे. लाटेचं पाणी त्या वळणावरून आणि गोल कडेवरून वळून जाताना टेलला खाली ओढतं. वर लाटेचा पडदा टेलवर चढतो, त्याचंही वजन पडतं. मागचं टोक असं धरून ठेवलेलं असतं म्हणून पुढच्या टोकावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला तरी बोर्ड बुडत नाही. हे एकदा समजलं की तंत्रातल्या निम्म्या चुका आपोआप कळतात.

रेल, म्हणजे बाजूच्या कडा, पन्नास-पन्नास; वरचा आणि खालचा गोलावा सारखा. नख फिरवलं तर टेलपर्यंत कुठेही धार लागता कामा नये. धार असली की पाणी तिथे सुटतं आणि टेल धरला जात नाही. या बोर्डावर ती नाही, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. तळ मधल्या भागात किंचित फुगीर, त्यामुळे एका रेलवरून दुसऱ्या रेलवर तो न अडखळता कलतो. मधल्या चार-साडेचार फुटांत दोरा ताणून धरला तर खाली फट अगदी कमी दिसते. इतकी सरळ रेषा असल्यामुळेच कमी ताकदीच्या लाटेतही वेग टिकतो. दोन्ही रेल एकसारखे आहेत का, हे मात्र नीट तपासा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीसाठी पॅटर्न करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला नुसता दोन्ही कडांवरून हात फिरवायला सांगा. डोळ्याला न दिसणारा फरक त्या हाताला कळतो.

आता पाण्यातलं. पोटावर झोपल्यावर नोज पाण्याच्या वर दोन-तीन इंच राहिला पाहिजे. ती जागा सापडली की हनुवटीखाली वॅक्सचा (पकडीसाठी लावायच्या मेणाचा) एक ठिपका लावून ठेवा, दर वेळी शोधाशोध नको. फार मागे झोपलं तर बोर्ड पाणी ढकलत बसतो आणि लाट खालून निघून जाते. किनाऱ्याकडे सरळ तोंड करून लाट घेऊ नका, ज्या बाजूला जायचं त्या बाजूला नोज आधीच थोडा वळवलेला हवा. साडेनऊ फुटांचा बोर्ड उभ्या लाटेवरून सरळ खाली आला की नोज घुसणारच.

उभं राहिल्यावर वळण मागून घ्यायचं. मागचा पाय फिनच्या वर नेऊन वजन तिथे टाका, खांदे वळवा, बोर्ड येईपर्यंत थांबा. इथे घाई करणारे मधूनच बोर्ड कलवतात आणि रेल पाण्यात रुतून आडवे पडतात. वळण पूर्ण झालं की लगेच पुढे, मधल्या जागी. नोजकडे जाण्याआधी टेल क्षणभर दाबून वेग कमी करायचा, म्हणजे लाट मागून गाठते आणि टेलवर पाणी येतं. बोर्ड लाटेच्या वरच्या तिसऱ्या भागात असतानाच चालायला लागा. मागचा पाय पुढच्या पायावरून ओलांडून, चवडा स्ट्रिंगरवर टेकवून, मगच वजन त्यावर. मधल्या जागेपासून नोजपर्यंत अशी दोन-तीन पावलं पुरतात. गुडघे मऊ, नजर लाटेच्या पुढच्या, न फुटलेल्या खांद्यावर, पायांकडे अजिबात नाही.

पाय घासत सरकणं ही सर्रास दिसणारी खोड. प्रत्येक सरकण्याला बोर्ड हलतो, रेल सुटतो आणि वेग जातो. नोजवर पोहोचताच टोक बुडालं, तर टेलवर पाणी यायच्या आत चालला असाल. मागचं टोक बाजूला घसरलं, तर लाटेत फार खाली होता किंवा फिन अपुरा होता. परत येताना उशीर नको. बोर्ड मंदावल्याचं तळपायाला जाणवताच उलटी पावलं टाका, नोज बुडायला लागल्यावर काहीच करता येत नाही.

पावलांचा सराव बेळगावातच होतो. गच्चीवर खडूने २९० सेंटिमीटर लांब आणि ५८ सेंटिमीटर रुंद आकार काढा, मधून रेघ मारा आणि अनवाणी पुढे-मागे चाला. रेघेकडे न बघता पाय तिच्यावर पडायला लागले की समुद्रावर निम्मं काम झालेलं असतं.

सोबत मिळालेला फिन मात्र बदलावा लागला. तो ९ इंची, मागे झुकलेला, वाकणाऱ्या प्लास्टिकचा. या टेलला रुंद बुडाचा, सरळ उभा, १० इंची फायबरग्लासचा फिन हवा. फिनच्या खाचेत तो मागे सरकवला की नोजवर स्थिरता वाढते, अर्धा-एक इंच पुढे घेतला की वळणं सोपी होतात. सुरुवात मधोमध करा आणि एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलवू नका, नाहीतर कशाने काय बदललं ते कळणार नाही. स्क्रू आणि त्याची छोटी पट्टी वाळूत पडली तर सापडत नाही, जादा जोडी गाडीत असू द्या.

लीश, म्हणजे पाय आणि बोर्ड जोडणारी दोरी, ९ किंवा १० फुटी. जुन्या पद्धतीने लीशशिवाय खेळायची हौस इथे कुणी करू नये. पोहणाऱ्यांच्या गर्दीत सुटलेला आठ किलोचा बोर्ड माणसाला जायबंदी करतो. समोरून फेस आला तर रेल घट्ट धरून बोर्डासकट उलटं व्हायचं, लाट वरून जाऊ द्यायची. बोर्ड कधीही लाट आणि आपलं शरीर यांच्या मध्ये आडवा ठेवू नये.

वेळेचं गणित बेळगावकरांचं हमखास चुकतं. मतलई वारे सकाळी जमिनीकडून वाहतात तोवर लाटेचं तोंड स्वच्छ राहतं. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि पाणी खडबडीत होतं. सहाला निघून जांबोटी, कणकुंबी करत साखळी, म्हापसामार्गे पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, म्हणजे चांगला वेळ गेलेला असतो. आदल्या रात्री मुक्कामाला जा. जून ते सप्टेंबर पाण्यात नकोच. नारळी पौर्णिमा झाली तरी शिकणाऱ्याने ऑक्टोबरपर्यंत थांबावं, आणि लाल बावटा असेल तिथे उतरू नये.

छोट्या गाडीच्या टपावर हा बोर्ड मावतो. फिन काढा, बोर्ड पालथा ठेवा, खाली जाड फोम आणि रुंद पट्टे दोन. पट्टे हाताने ओढून घट्ट करा. दात्यांचे, ट्रकवाल्यांचे आवळपट्टे रेल चेपतात. घाटात पट्टा घोंघावत असेल तर त्याला एक पीळ द्या. उन्हात उभ्या बंद गाडीत बोर्ड ठेवू नका, कापड फोमपासून सुटून फुगा येतो.

दुरुस्तीला उद्यमबागेतलं साधं पॉलिएस्टर रेझिन या बोर्डाला चालतं, कारण फोम पॉलियुरेथेन आहे. थर्मोकोलसारख्या पांढऱ्या दाण्यांचा ईपीएस फोम असेल तर पॉलिएस्टर तो विरघळवतं, तिथे इपॉक्सीच. आधी पाणी पूर्ण बाहेर येऊ द्या. भेगेचं तोंड खाली करून बोर्ड सावलीत ठेवा, ओला डाग जाईपर्यंत. मग ८० नंबरच्या कागदाने घासा आणि ४ किंवा ६ औंसाचं विणलेलं कापड लावा. दुकानदार पुढे करतो ती तंतूंची मॅट नको, ती जाड आणि खडबडीत बसते. शंभर ग्रॅम रेझिनला हार्डनर एक ते दोन ग्रॅम, हिवाळ्यात दोनच्या जवळ, मे महिन्यात एकच्या. कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रव्य) वेगळं दिलं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून घ्या, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. मुलांना लांब ठेवून, दारं उघडी ठेवून हे काम करा.

जुना बोर्ड घेत असाल तर वॅक्स खरवडायला सांगितल्याशिवाय सौदा करू नका. डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठावर, अंगठा दाबत नोजपासून टेलपर्यंत जा. कुठे कापड खाली जाऊन परत वर आलं तर ते सुटलेलं आहे. फिनच्या खाचेभोवती केसाएवढी चीर दिसली तर पाणी आत गेलेलं असू शकतं. मधोमध, स्ट्रिंगरला आडवी, दोन्ही रेलपर्यंत गेलेली दुमड दिसली तर तो बोर्ड एकदा वाकून गेलाय. किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.