कंपायलर एक्सप्लोरर: रस्टच्या मॅचच्या पोटात काय चाललंय ते इथे दिसतं

आमच्या टीममध्ये एक वाद बरेच दिवस चालू होता. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत एनम म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी (व्हेरिएंटपैकी) एक असणारा प्रकार, आणि मॅच म्हणजे कुठल्या पर्यायाला काय करायचं ते सांगणं. एनमवर मॅच लिहिलं की आत शेवटी इफ-एल्सची, म्हणजे एकामागून एक तपासण्यांची, रांगच लागते, व्हेरिएंट वाढले की कोड स्लो होणार, असं आमचे एक सीनियर ठामपणे म्हणायचे. मला ते पटत नव्हतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. शेवटी एका शनिवारी कंपायलर एक्सप्लोरर उघडून बसलो आणि दुपार कशी गेली कळलंच नाही. तेव्हापासून रोज वापरतोय, म्हणून हा रिव्ह्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॅट गॉडबोल्ट यांनी 2012 मध्ये सुरू केलेली ही साइट आहे, त्यामुळे बरेच जण तिला नुसतं गॉडबोल्टच म्हणतात. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, देणग्या आणि स्पॉन्सरवर चालते, लॉगिन वगैरे काही लागत नाही. डावीकडे कोड टाइप करायचा, उजवीकडे कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) काढलेली असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनची यादी, येते, आणि कोडच्या ज्या ओळीतून जे असेंब्ली निघालं त्या दोन्हींना एकच रंग. इन्स्ट्रक्शनवर माउस नेला की ती काय करते तेही दिसतं. माझ्यासारख्या ज्याला असेंब्ली वाचता येते पण पाठ नाही, त्याला याचा केवढा आधार वाटतो!

आता मी काय टेस्ट केलं ते सांगतो. चार व्हेरिएंटचा साधा एनम, त्यावर मॅच, आणि प्रत्येक आर्ममधून (मॅचच्या एकेका फांदीतून) एक यू8, म्हणजे 8 बिटचा, आकडा परत: 7, 40, 3, 95. आकडे मुद्दाम वेडेवाकडे घेतले, कारण पाढ्यासारखे सरळ असते तर एलएलव्हीएम (रस्ट कंपायलरचा शेवटी मशीन कोड काढणारा भाग) गुणाकार-बेरजेवरच काम भागवतो. आधी ऑप्टिमायझेशन (कोड जलद करायची कंपायलरची मेहनत) न लावता बघितलं तर जंप टेबल दिसलं, म्हणजे पत्त्यांचा तक्ता असतो, व्हेरिएंटच्या नंबरवरून पत्ता काढायचा आणि थेट तिथे उडी. इफ-एल्सची रांग इथेच खोटी ठरली.

मग ऑप्ट-लेव्हल 3, म्हणजे पूर्ण ऑप्टिमायझेशन, लावली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. उड्याच गायब! चारही आर्म गेले, तक्ताही गेला, मोजून चार-पाच इन्स्ट्रक्शन उरल्या आणि मध्ये एकच आकडा: 1594042375. हा कुठून आला म्हणून कॅल्क्युलेटर घेतला, 256 ने भागत गेलो, बाकी आली 7, मग 40, मग 3, आणि शेवटी उरले 95. चारही उत्तरं एका 32 बिटच्या आकड्यात एकापुढे एक भरून ठेवलीत, व्हेरिएंटचा नंबर गुणिले 8 एवढे बिट उजवीकडे सरकवायचे की आपलं उत्तर तळाला येतं. मेमरीत जायचंही काम नाही. मग चाळाच लागला, व्हेरिएंट वाढवत गेलो, आठपर्यंत 64 बिटमध्ये मावतात, नववा घातला की जागा संपते आणि मेमरीत खरं लुकअप टेबल (उत्तरांचा तक्ता) तयार होतं. सोमवारी सीनियरना लिंक पाठवली, त्यांनी स्वतः आकडे बदलून बघितले आणि म्हणाले, "अरे, हे भारी आहे." वाद तिथेच मिटला.

एमआयआरची, म्हणजे रस्ट कंपायलरच्या आतल्या मधल्या टप्प्यातल्या कोडची, वेगळी खिडकी उघडता येते, ती पण जरूर बघा. मॅच तिथे स्विच (नंबर बघून वाट निवडणं) होऊन बसलेलं दिसतं, आणि मॅचमध्ये सगळे व्हेरिएंट आलेच पाहिजेत हा रस्टचा जो नियम सुरुवातीला जाचक वाटतो, त्याचा फायदा इथे कळतो. "यातलं काहीच नसेल तर" ही वाट कंपायलर अनरीचेबल म्हणून मार्क करतो, त्यामुळे पुढे एलएलव्हीएमला ती तपासणी टाकावीच लागत नाही. ऑप्शन म्हणजे "किंमत आहे किंवा नाही" सांगणारा एनम, त्यातला "नाही" म्हणजे नन. ऑप्शनमध्ये रेफरन्स (मेमरीतला पत्ता) असेल तर नन म्हणजे नुसता शून्य पत्ता, ऑप्शनमध्ये बूल (खरं-खोटं) असेल तर नन म्हणजे 2, वेगळी जागा लागतच नाही, हेही असेंब्लीत डोळ्यांनी बघितलं.

काही गोष्टी मात्र आधी माहीत असलेल्या बऱ्या. रस्टसाठी ऑप्टिमायझेशन आपोआप चालू नसतं, फ्लॅग स्वतः टाकावा लागतो, आणि तो न टाकता "रस्ट किती फालतू कोड काढतं" असं म्हणणं हा रस्टवर सरळ अन्याय आहे. दुसरं म्हणजे रस्ट 1.75 पासून छोटी पब्लिक फंक्शन्स ऑप्टिमाइज करताना असेंब्लीत येतच नाहीत, कारण कंपायलर ती दुसऱ्या क्रेटमध्ये (रस्टच्या पॅकेजमध्ये) इनलाइन करायला, म्हणजे वापरलं तिथेच त्यांचा कोड घालायला, राखून ठेवतो. मी अर्धा तास रिकाम्या खिडकीकडे बघत होतो. फंक्शनवर इनलाइन-नेव्हर लावा, लगेच दिसतं. आणि तिसरं महत्त्वाचं, कोड त्यांच्या सर्व्हरवर जाऊन कंपाइल होतो, तेव्हा कंपनीचा कोड जसाच्या तसा पेस्ट करू नका, त्याच आकाराचा छोटा नमुना बनवा. मोबाईलवर दोन खिडक्या शेजारी मावत नाहीत, लॅपटॉपच हवा.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते एकच कोड दोन-तीन रस्ट व्हर्जनवर शेजारी शेजारी लावणं. एलएलव्हीएम बदललं की कुठे तपासणी कमी होते, कुठे उगाच एखादी उडी वाढते, ते लगेच सापडतं. पण ही बघायची जागा झाली, रोज आपोआप राखण करणारी टेस्ट नव्हे. रस्टची टीम स्वतः त्यासाठी एलएलव्हीएमचं फाइलचेक हे टूल वापरते, टेस्टच्या फाइलमध्येच कॉमेंट लिहून ठेवतात की आउटपुटमध्ये अमुक ओळ आलीच पाहिजे आणि तमुक अजिबात नको. आम्ही त्याचंच छोटं रूप केलंय, बिल्डमध्ये असेंब्ली काढायची आणि आमच्या एका गरम (सतत चालणाऱ्या) फंक्शनमध्ये उडी सापडली की बिल्ड लाल, म्हणजे नापास. लाल झालं की पहिली लिंक कंपायलर एक्सप्लोररची उघडते.