आंबा ठेवायला १३ डिग्रीची कोल्ड रूम घेतली, त्याचा अनुभव

खानापूर तालुक्यात आमची हापूसची तीसेक झाडं आहेत, थोडी पायरी पण आहे. मेमध्ये सगळा माल एकदम तयार होतो आणि त्याच आठवड्यात बेळगावच्या मार्केटात कोकणातला, धारवाडकडचा माल येऊन पडतो, की दर खाली आलाच. म्हणून गेल्या वर्षी ४० क्रेट एका कोल्ड स्टोरेजला टाकले, तिथं बटाटा असायचा, टेंपरेचर ४-५ डिग्री. काढले तेव्हा हिरवेगार होते हो, आणि दोन दिवसांत सालीवर करडे-काळे डाग, पिकायचं नाव नाही, कापलं तर वास नाही की चव नाही. आप्पा चार दिवस नीट जेवले नाहीत. कच्च्या हापूसला १२ च्या खालची थंडी बाधते हे तेव्हा कळलं.

यंदा शहराबाहेर फक्त फळांची एक छोटी रूम मिळाली. पहिल्याच फोनला मालकांनी विचारलं, "देठ ठेवून उतरवताय न्हवं?" तिथंच माझा विश्वास बसला बघा. त्यांचं म्हणणं, ऊन चढायच्या आत झेल्यानं (जाळी लावलेल्या लांब काठीनं) उतरवा, देठ ठेवा, मग सावलीत देठ कापून फळ पालथं घालून चीक निथळू द्या, सालीवर चीक लागला की तिथं काळं पडतंच. जाळीचे प्लास्टिक क्रेट, आणि त्यात एक पण पिकलेलं फळ नको, कारण त्याच्या इथिलीन गॅसनं शेजारचे पण पिकायला लागतात. क्रेट उतरवून घेणारा पोरगा कन्नडच बोलतो, "निधान, निधान" (हळू, हळू) म्हणत एकेक क्रेट अलगद ठेवतो, आपटत नाही. हे मला लई आवडलं.

आत १३ डिग्री, ओलावा ८५-९० टक्के, मीटर बाहेरूनच दिसतो, करंट गेला तर जनरेटर आहे. भाडं क्रेटला दिवसाला ४ रुपये. कार्बाईडला तिथं थारा नाही, कायद्यानं बंदीच आहे त्याला.

१८ दिवसांनी माल काढला, घरी पिंजरात, म्हणजे भाताच्या वाळक्या गवतात, पिकायला आढी घातली, सहाव्या दिवशी घरभर वास. झाडावरनं थेट आढीत घातलेल्या आंब्यापेक्षा वास जरा कमी वाटला, पण गोडी तीच, आणि तोवर मार्केटातली गर्दी ओसरली होती, दर बरा मिळाला.

तीन क्रेटमध्ये देठाजवळ काळं पडलेलं निघालं, तो देठकुजीचा रोग शेतातनंच आलेला, रूमचा दोष नाही. पुढच्या वर्षी ठेवायच्या आधी ५२ डिग्रीच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून घेणार. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) मात्र कुठल्याच रूमनं जात नाही, तो झाडावरच धरतो, म्हणून फार पक्व व्हायची वाट न बघता उतरवा.

तक्रार एकच, माल काढताना बाहेरच्या हवेनं फळाला घाम येतो आणि पुसून वाळवायला तिथं पंखा-शेड काही नाही, आम्ही टेम्पोतच पुसत बसलो. मालकांना सांगितलंय. पुढच्या मेसाठी ६० क्रेटची जागा आत्ताच धरून ठेवलीय.