हरल्यावर गेम काय करतो?

नवा गेम आला की पहिल्या आठवड्यात ग्राफिक्स आणि कथेचं कौतुक होतं. काही महिने खेळल्यावर मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: हरल्यावर गेम आपल्याशी कसा वागतो.

या कसोटीवर 2024 चा बालाट्रो सगळ्यांत वर. एकट्या डेव्हलपरने बनवलेला हा पत्त्यांचा गेम मी अजून जवळजवळ रोज उघडतो. पोकरसारख्या पानांच्या जोड्या जुळवायच्या, चिप्स (गुण) गुणिले मल्ट (गुणक) असा स्कोअर करायचा, आणि 150 जोकरांपैकी (स्कोअर वाढवणाऱ्या खास पानांपैकी) साधारण पाचच एका वेळी जवळ ठेवता येतात. समजा, सगळी मदार बदामाच्या फ्लशवर (पाचही पानं बदामाची) ठेवली आणि समोर ‘द हेड’ हा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा कठीण प्रतिस्पर्धी, आला. त्याच्यापुढे बदामाच्या पानांना किंमतच उरत नाही, डाव तिथेच आटोपतो. पण हा बॉस येणार हे त्या टप्प्याच्या सुरुवातीलाच स्क्रीनवर दिसत असतं. त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर दोनदा दुकान लागतं, जोकर विकून किंवा पानं बदलून सावरता येतं. त्यामुळे हरलो तरी का हरलो ते कळतं आणि लगेच नवा डाव मांडावासा वाटतो. युरोपात याला आधी 18 वर्षांवरचा शिक्का मारला होता, 2025 मध्ये तो 12 वर आणला. योग्यच झालं, कारण खरे पैसे लावायची सोय यात कुठेच नाही.

सिल्कसाँगबद्दल (सप्टेंबर 2025) माझं मत इतकं सरळ नाही. नायिका हॉर्नेटची चाल, सुईचा वार, हवेत असतानाच जखम भरून काढणं, हे सगळं हाताला इतकं छान बसतं की नुसतं फिरायलाही मजा येते. सुरुवातीला मास्क (जीव मोजायचे मुखवटे) पाचच, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन उडवतात. तेही मला मान्य आहे. खटकतं ते मेल्यानंतरचं चालणं. ‘लास्ट जज’शी होणारी लढत अप्रतिम आहे, पण प्रत्येक पराभवानंतर बाकावरून (मेल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो त्या जागेवरून) निघायचं, उड्या मारत, उडणारे शत्रू चुकवत पुन्हा तिथवर पोहोचायचं. लढाईतून दर वेळी काहीतरी शिकतो, त्या वाटेवरून चौथ्यांदा जाताना काहीच नाही. पहिल्याच अपडेटमध्ये सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले गेले. माझ्या मते बॉस होते तसे ठेवून बाक जवळ आणायला हवे होते.

क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33 मध्ये पाळीपाळीने लढायचं असलं तरी शत्रूच्या पाळीला हात बांधून बसता येत नाही. डॉजला (वार चुकवायला) सवड जास्त, पॅरीला (ऐन क्षणी वार अडवायला) कमी. पण सगळे वार पॅरी केले तर सणसणीत उलटवार मिळतो. शत्रू हात उगारून मुद्दाम थांबतात, आपण घाईने बटण दाबतो आणि मार खातो. दोन-तीन वेळा हरलं की तो ताल अंगात भिनतो. मात्र शेवटच्या भागात पिक्टोस आणि ल्युमिना (पात्रांना जादा ताकद देणाऱ्या गोष्टी) नीट जुळवले की बॉस त्याची पाळी येण्याआधीच कोसळतो. हरण्याची भीती संपते आणि तिथे माझा रसही ओसरतो.

बाल्डर्स गेट 3 मध्ये वीस बाजूंचा फासा उलटा पडला तरी गोष्ट थांबत नाही, दुसऱ्या वाटेने जाते. एफ8 दाबून आधीच्या सेव्हवर (जपून ठेवलेल्या जागी) मागे जायचा मोह टाळा. टाळवत नसेल तर एकच सेव्ह देणारा ऑनर मोड आहे.

ब्लू प्रिन्समध्ये रोज सकाळी आख्खा वाडा पुसला जातो, पावलं पुन्हा 50, समोर येतील त्यांतून निवडून खोल्या नव्याने मांडायच्या. काही कायमच्या सुधारणा सोडल्या तर कालचं जे डोक्यात किंवा वहीत असेल तेवढंच आपलं. 46 वी खोली सापडेपर्यंत मी अगदी गुंगून गेलो होतो. त्यानंतर मात्र कोड्याचं उत्तर माहीत असूनही हवी ती खोली पदरात पडत नाही, आणि दिवस वाया जातो.

ॲस्ट्रो बॉटमध्ये चेकपॉइंट (हरल्यावर पुन्हा सुरू करायच्या जागा) इतके जवळ आहेत की हरण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. लहान मुलांबरोबर खेळायला याहून चांगला प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) मी तरी पाहिलेला नाही.

दरवर्षी येणाऱ्या एका फुटबॉल गेमचा ऑनलाइन मोडही बरेच महिने खेळलो. मैदानावरचा खेळ उत्तम. पण सामना हरलो की नजर जाईल तिथे खऱ्या पैशांनी घ्यायची खेळाडूंची पाकिटं, आणि समोरच्याने ती घेतलेली असतात हे त्याच्या संघावरून दिसतंच. माझा पास चुकला की पैसे कमी पडले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो मी काढून टाकला आहे.