‘हिटमॅन’ मालिकेची क्रमवारी : गर्दीत मिसळण्याची कला कोणत्या भागात सर्वोत्तम साधली?

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २००० साली सुरू केलेल्या ‘हिटमॅन’ या व्हिडिओ गेम मालिकेतील भागांची क्रमवारी लावताना मी एकच निकष धरला आहे. अंधारात दबा धरून बसण्याऐवजी दिवसाढवळ्या, दुसऱ्याच्या कपड्यांत, भर गर्दीत वावरण्याची मुभा हे या खेळाचे खरे वैशिष्ट्य आहे; ती मुभा कोणत्या भागात किती मिळते आणि त्यासाठी उभे केलेले ठिकाण आपल्यावाचूनही स्वतःच्या तालावर चालू राहते का, एवढेच मी पाहिले. ग्राफिक्स, कथानक आणि बंदुकांची यादी या गोष्टी माझ्या लेखी दुय्यम आहेत.

या निकषावर पहिला क्रमांक २०१८ च्या ‘हिटमॅन २’ ला द्यावा लागतो. मायामीच्या मिशनमध्ये मोटारशर्यत सुरू असते आणि दोन टार्गेटपैकी, म्हणजे ज्यांना मारायचे त्या दोघांपैकी, एक, सिएरा नॉक्स, स्वतः त्या शर्यतीत गाडी चालवत असते. ती वेगाने फेऱ्या मारत असताना एजंट ४७, म्हणजे ज्याच्या रूपात आपण खेळतो तो भाडोत्री मारेकरी, पिटमधील (शर्यतीच्या गाड्या थांबवून दुरुस्त करण्याच्या जागेतील) कामगाराचा वेष घेऊन तिच्या गाडीचे चाक ढिले करू शकतो, किंवा शर्यत संपेपर्यंत थांबून मग तिला गाठू शकतो. शर्यत मात्र आपल्यासाठी थांबत नाही, आणि म्हणूनच ते ठिकाण खरे वाटते. व्हरमाँटमधील व्हिटलटन क्रीक ही शांत वसाहत आकाराने लहान आहे, पण टपालवाला, माळी आणि कीटकनाशक फवारणारा अशा साध्या वेषांतून घराघरांत शिरण्याची जी मजा तिथे येते ती मोठमोठ्या राजवाड्यांतही येत नाही.

मराठी खेळाडूला मुंबईच्या मिशनविषयी विशेष उत्सुकता असणार, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. इथे तीन टार्गेट आहेत : चित्रपटनिर्माता आणि बिल्डर दाऊद रंगन, झोपडपट्टीवर राज्य करणारी वान्या शाह आणि ‘मेलस्ट्रॉम’ या नावाने ओळखला जाणारा वझीर काळे. यांपैकी काळे कसा दिसतो हे सुरुवातीला आपल्याला सांगितलेच जात नाही. वस्तीत फिरून, कानावर पडणारी बोलणी ऐकून त्याचा माग काढावा लागतो. न्हाव्याचा वेष घेतला तर हाच माणूस दाढी करून घ्यायला आपल्यासमोर मान मागे टाकून बसतो. त्याच शहरात काश्मीरहून आलेला दुसरा एक मारेकरीही दुर्बिणीची बंदूक घेऊन बसलेला असतो, आणि टार्गेटला नेमक्या जागी आणून उभे केले की गोळी तो झाडतो. आपले हात कोरडे राहतात. चाळींचे अरुंद जिने, कपडे धुण्याचा भला मोठा कारखाना, अर्धवट बांधलेला टॉवर आणि जुन्या रेल्वे डब्यांचे आवार ही सारी रचना एकमेकांत इतकी नीट गुंतवली आहे की एका गल्लीतून निघालेला खेळाडू दुसऱ्या वाटेने कुठल्याही मजल्यावर पोहोचू शकतो. रस्त्यावरची माणसे आपसात इंग्रजीतच बोलतात, ही उणीव मला प्रत्येक वेळी जाणवते. मुंबईच्या गर्दीत मराठी किंवा हिंदी कानावर न पडणे अनैसर्गिक आहे, आणि ज्या संघाने भिंतींवरच्या रंगांपर्यंत इतकी काळजी घेतली त्याला हे अवघड नव्हते. याच भागातील कथानकाचे प्रसंग स्थिर चित्रांच्या आधारे उरकले आहेत, हाही दोष मान्य करायला हवा. तरीही क्रम बदलावा इतका तो मोठा नाही.

दुसऱ्या क्रमांकावर २००६ चा ‘ब्लड मनी’ आहे, आणि पहिल्या दोघांतील अंतर फार थोडे आहे. खून अपघातासारखा दिसावा ही कल्पना या भागाने मालिकेत रुजवली. पॅरिसच्या ऑपेरागृहातील मिशन हे तिचे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. रंगमंचावर गोळी घालून देहदंड देण्याच्या प्रसंगाची तालीम चालू असते. त्यासाठी ठेवलेल्या खोट्या पिस्तुलाच्या जागी सामान ठेवण्याच्या खिडकीवरून मिळवलेले खरे पिस्तूल ठेवले की सहनटच नकळत गायकाला ठार करतो. सज्जातून हे पाहणारा त्याचा मित्र, म्हणजे दुसरा टार्गेट, घाबरून रंगमंचाकडे धावतो आणि त्याच्या वाटेवर आधीच स्फोटक लावलेले झुंबर कोसळवता येते. एकही गोळी न झाडता दोन्ही माणसे संपतात, आणि काम किती सफाईने केले यावर आपली कुप्रसिद्धी आणि मिशननंतर छापून येणाऱ्या वर्तमानपत्रातील बातमी ठरते. शेवटच्या मिशनमध्ये श्रेयनामावली सुरू झाल्यावरही जो खेळाडू हार न मानता कळा दाबत राहतो त्याला शवपेटीतील एजंट ४७ ला उठवता येते. इतका धीट शेवट मी अन्य कोणत्या खेळात पाहिलेला नाही. आज त्याचे नियंत्रण अवजड वाटते, एवढ्याच कारणासाठी तो दुसरा.

तिसरा २०१६ चा ‘हिटमॅन’. तो हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे त्या वेळी बरीच नाराजी झाली, पण एका ठिकाणी महिनाभर मुक्काम करण्याची सक्ती माझ्या मते खेळाडूंच्या पथ्यावरच पडली. इटलीच्या किनाऱ्यावरील सापिएन्झा हे काल्पनिक गाव, तिथला वाडा आणि त्याखालची प्रयोगशाळा आजही मालिकेतील सर्वांत सुंदर रचना आहे. वेषांतराचा नियमही इथेच सुधारला : आपण घातलेल्या गणवेशातल्या सर्वांनाच संशय न येता केवळ ज्यांनी ओळखायला हवे तेच ओळखतात आणि त्यांच्या डोक्यावर खूण दिसते. मात्र कोलोरॅडोचे शेत रुक्ष आहे, तिथे साधे नागरिकच नाहीत, त्यामुळे गर्दीत मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही.

२०२१ चा ‘हिटमॅन ३’ चौथा. बर्लिनच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रातील नाइटक्लबमध्ये कोणतीही मार्गदर्शक सूचना न देता, आपल्याच मागावर असलेल्या एजंटांना शोधून काढायला सांगणे हे धाडस होते. डार्टमूरच्या वाड्यात गुप्तहेराचा वेष घेऊन खुनाचा तपास करणेही रंजक आहे. पण शेवटची रेल्वेगाडी म्हणजे सरळ रेषेतली धाव आहे आणि तिने उत्तरार्ध फिका केला.

पाचवा आणि सहावा क्रमांक अनुक्रमे ‘कॉन्ट्रॅक्ट्स’ (२००४) आणि ‘सायलेंट असॅसिन’ (२००२) यांना. पहिल्याचा पावसाळी, उदास माहोल आणि बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवणारे जेस्पर किडचे संगीत यांसाठी तो पुन्हा खेळावा. दुसऱ्याला बुडापेस्टच्या वाद्यवृंदाची साथ आहे, पण नुसते धावले तरी पहारेकरी बंदूक उगारतात, त्यामुळे जपानच्या बर्फातील लांब पायपीट सहनशक्तीची परीक्षा ठरते. पंजाबातील मिशनमध्ये शीख पात्रे आणि सुवर्णमंदिराशी साम्य असलेली वास्तू वापरल्याबद्दल शीख समाजाने घेतलेला आक्षेप रास्तच होता, आणि पुढे बदललेली आवृत्ती काढावी लागली.

‘कोडनेम ४७’ सातवा. मिशनच्या मध्यात सेव्ह करता येत नाही आणि कोलंबियाच्या जंगलात वेषांतराला फारसा अर्थ नाही, तरी बुडापेस्टच्या हॉटेलात पुढच्या सगळ्या मालिकेचे बीज दिसते. २०१२ चा ‘अब्सोल्यूशन’ दिसायला त्याच्यापेक्षा कितीतरी देखणा असूनही मी त्याला शेवटी ठेवतो, कारण एकाच गणवेशातील प्रत्येक जण संशय घेऊ लागला की वेष घेण्यालाच काही अर्थ उरत नाही. मालिकेचा आत्माच त्या भागाने गहाण टाकला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने जानेवारी २०२३ पासून एकाच नावाखाली मिळणारा ‘वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ घ्यावा, कारण त्यात २०१६ पासूनचे तिन्ही भाग एकत्र आहेत आणि फ्रीलान्सर हा प्रकारही आहे. फ्रीलान्सरमध्ये मिशन फसले की बरोबर नेलेली हत्यारे कायमची गमवावी लागतात आणि टोळीचा प्रमुख संशयितांच्या घोळक्यातून हेरून काढावा लागतो, त्यामुळे पाठ झालेला सापिएन्झाही पुन्हा परका वाटतो. गैरसोय एकच आणि ती गंभीर आहे : एकट्याने खेळायचा खेळ असूनही नवी हत्यारे आणि सुरुवातीच्या नव्या जागा उघडण्यासाठी सर्व्हरशी जोडलेले राहावे लागते. २०२१ मध्ये जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर २०१६ चा भाग याच अटीसह विक्रीला आला, तेव्हा ग्राहकांच्या तक्रारींनंतर तो तिथून काढून घ्यावा लागला. ज्यांच्याकडे इंटरनेट बेभरवशाचे आहे त्यांनी विकत घेण्यापूर्वी याचा विचार करावा, आणि तोवर ‘ब्लड मनी’ खेळावा. त्याला सर्व्हर लागत नाही.